केळे की चिकू? एका घरातील दोन ताटल्या

वाचकहो, 'अमुक फळ चांगले की तमुक?' हा प्रश्न आपल्या घरांतून नेहमी विचारला जातो. घरात कोणी वृद्ध वा आजारी असेल, तर तो अधिकच आग्रहाने विचारला जातो. भेटीला येणारा प्रत्येक जण हातातल्या पिशवीबरोबर एक सल्लाही आणतो. कोणी म्हणतो, केळ्याने कफ होतो. कोणी म्हणतो, चिकूने रक्त वाढते. कोणाच्या मते मधुमेह झाला की दोन्ही बंद. हे सारे सल्ले आपुलकीने दिलेले असतात, त्यामुळे ते मोडूनही काढवत नाहीत आणि पाळूनही चालत नाही. या दोन फळांचा थोडा शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेख.

हीच दोन फळे निवडण्याचे कारण स्थानिक आहे. आमचे चंदनसार विरारच्या पूर्वेला. गच्चीवर उभे राहिले की जीवदानीचा डोंगर दिसतो. पश्चिमेला आगाशी आणि पुढे वसईपर्यंतचा पट्टा एकेकाळी केळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध होता. उत्तरेला डहाणू, बोर्डी आणि घोलवड म्हणजे चिकूचा मुलूख. तिथल्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. केळे आपल्याकडे फार प्राचीन. चिकू मात्र मूळचा मध्य अमेरिकेचा, आणि घोलवडच्या मातीत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला. आज आमच्या रस्त्यावरच्या हातगाडीवर दोन्ही शेजारी शेजारी असतात. वसईच्या वाड्या इमारतींखाली गेल्या, तेव्हा गाडीवरची मोठी पिवळी केळी बहुधा जळगावकडून आलेली असतात. वेलची केळी मात्र अजून अधूनमधून जवळच्या वाडीतली मिळतात.

माझ्या घरात या दोन फळांचा प्रश्न केवळ आवडीचा नाही. सासूबाईंचे वय ८७. त्या आगाशीच्या वाडीत वाढल्या, राहाटाच्या पाण्यावरच्या केळीखाली खेळल्या. आता दात राहिलेले नाहीत, कवळी दुपारनंतर टोचते, भूक मंदावली आहे आणि वजन हळूहळू उतरते आहे. यजमानांचे वय ६९. मधुमेह २० वर्षांचा, आणि गेली ३ वर्षे मूत्रपिंडांचे काम मंदावले आहे. मागील वर्षी त्यांच्या रक्तातील पोटॅशियम ५.६ निघाले. ते साधारणतः ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. डॉक्टरांनी औषधांत बदल केला आणि आहाराचा कागद हाती दिला. त्या दिवसापासून आमच्या घरात दुपारी चार वाजता फळांच्या दोन ताटल्या वेगवेगळ्या लागतात. आई आणि मुलगा समोरासमोर बसतात, आणि आईला जे पथ्य आहे तेच मुलाला अपथ्य आहे.

आकडे काय सांगतात?

प्रथम आकडे पाहू. आकड्यांपाशी वाद थोडे निवळतात. पुढील आकडे अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक तक्त्यांतील असून ते साल व बिया काढलेल्या १०० ग्रॅम पिकलेल्या गरासाठी आहेत. केळ्यात सुमारे ८९ उष्मांक, चिकूत ८३. कर्बोदके केळ्यात २३ ग्रॅम, चिकूत २०. प्रथिने केळ्यात १ ग्रॅमच्या आसपास, चिकूत त्याच्याही निम्मी. म्हणजे ऊर्जेच्या बाबतीत दोघांत फारसे अंतर नाही, आणि प्रथिनांसाठी दोघांवरही विसंबता येत नाही.

अंतर आहे ते पुढे. तंतुमय पदार्थ केळ्यात २.६ ग्रॅम, तर चिकूत ५.३, म्हणजे दुप्पट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय तक्त्यांत तर चिकूतील तंतूंचे प्रमाण याहून अधिक दिले आहे. पोटॅशियमची गोष्ट याच्या उलट. केळ्यात ३५८ मिलिग्रॅम, चिकूत १९३. मॅग्नेशियमही केळ्यात दुपटीहून अधिक. बी-६ हे जीवनसत्त्व केळ्यात चांगले आहे. १०० ग्रॅम केळ्यातून दिवसाच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्सा मिळतो. 'क' जीवनसत्त्व चिकूत १५ मिलिग्रॅम, केळ्यात ९. पण पेरूत ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते, हे लक्षात घेता या दोघांनी त्या बाबतीत मिरवू नये.

'चिकूने रक्त वाढते' या समजुतीचे काय? चिकूत लोह १०० ग्रॅमला ०.८ मिलिग्रॅम आणि केळ्यात ०.२६. तिप्पट असले तरी मुळातच ते इतके थोडे की, रक्तक्षय झालेल्या वृद्ध व्यक्तीला चिकू खाऊ घालून वाट पाहत बसणे योग्य नाही. अशक्तपणा, धाप, फिकटपणा दिसला की रक्त तपासून कारण शोधावे. उतारवयात रक्त कमी होण्यामागे पोटातील सूक्ष्म रक्तस्राव, मूत्रपिंडांचा विकार किंवा बी-१२ ची उणीवही असू शकते. ती चिकूने भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट. आपण केळी डझनावर घेतो आणि चिकू किलोवर. खाताना मात्र दोन्ही 'एक' म्हणून मोजतो. हा 'एक' मोठा फसवा आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर सोललेले वेलची केळे ४५ ग्रॅम भरले, तर मोठे पिवळे केळे १२० ग्रॅम. चिकू ६० पासून ११० ग्रॅमपर्यंत, जसा मिळेल तसा. तेव्हा 'दिवसाला एक केळे चालेल' असे कोणी सांगितले, तर 'कोणते?' असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला साधारण १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. दोन वेलची केळी किंवा एक बऱ्यापैकी चिकू, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली ताटली : सासूबाईंची

ज्यांचे वजन उतरते आहे, भूक मंद आहे, दात नाहीत, पण मूत्रपिंडे ठीक आहेत, अशांना केळे मोठे सोयीचे. साल काढायला सुरी लागत नाही. सांधेदुखीने वाकलेली बोटेही ते सोलू शकतात, आणि स्वतःच्या हाताने सोलून खाण्यात जो स्वाभिमान आहे, तो म्हातारपणी फार मोलाचा असतो. बी नाही, रस सांडत नाही, चावावे लागत नाही. पोट बिघडून जुलाब झाले असतील, तर पिकलेले केळे पचायला हलके आणि गेलेल्या पोटॅशियमची थोडी भरपाई करणारे. निरोगी मूत्रपिंड असलेल्यांना पोटॅशियम रक्तदाबाच्या दृष्टीनेही हितकर असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचविले आहे.

पण एक सावधगिरी हवी. केळे मऊ असले तरी चिकट असते. पक्षाघातानंतर, कंपवातात किंवा स्मृतिभ्रंशात ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्या घशात केळ्याचा मोठा घास अडकू शकतो. अशांना ते काट्याने पूर्ण कुस्करून, गरज असल्यास थोडे दही किंवा दूध घालून सैल करून, लहान चमच्याने द्यावे. आधीचा घास गिळला गेला आहे याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. व्यक्ती ताठ बसलेली असावी, पडून नव्हे, आणि खाल्ल्यानंतरही अर्धा तास बसवून ठेवावे. ठसका वारंवार लागत असेल, तर अन्न किती घट्ट वा पातळ असावे हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

शिकरणाचा विषय इथे निघणारच. सासूबाईंना ते अतिशय प्रिय. आयुर्वेदात दूध आणि केळे हा विरुद्धाहार मानला जातो, तर आधुनिक आहारशास्त्र तशी सरसकट मनाई करीत नाही. ज्यांचा वैद्यकीय सल्ला आयुर्वेदाचा आहे त्यांनी आपल्या वैद्यांना विचारावे. सासूबाईंना ते सोसते, म्हणून आम्ही देतो. मात्र केळे पुरते पिकलेले असले की वरून साखर घालण्याचे कारण उरत नाही.

चिकू त्यांना कधी द्यावा? बद्धकोष्ठ झाल्यावर. वृद्धापकाळी हे दुखणे लाजेने सांगितले जात नाही, आणि सांभाळणाऱ्यालाच ओळखावे लागते. दुप्पट तंतू असल्याने चिकू इथे केळ्याहून उपयोगी. पण अट अशी की तो पुरता पिकलेला असावा. कच्च्या चिकूतील तुरट द्रव्ये आणि चीक तोंडाला तर त्रास देतातच, शिवाय पोटही अधिक जखडू शकतात. तंतूंबरोबर पाणीही हवे, अन्यथा त्यांचा उपयोग होत नाही. आणि बी! चिकूची काळी, गुळगुळीत बी टोकाला अणकुचीदार असते. मंद दृष्टीच्या माणसाला ती दिसत नाही आणि कवळीखाली ती जाणवत नाही. म्हणून चिकू वृद्धांच्या हाती अखंड देऊ नये. साल काढून, फोडी करून, प्रत्येक फोडीवरून बोट फिरवून मगच ताटलीत ठेवावा.

दुसरी ताटली : यजमानांची

मूत्रपिंडांचे काम मंदावले की शरीरात येणारे जादा पोटॅशियम बाहेर टाकले जात नाही. ते रक्तात साठते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. यातील भीतीची बाब अशी की, बहुतेकदा याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. रक्ततपासणीतच ते कळते. त्यात रक्तदाबाची काही औषधे, उदाहरणार्थ रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम आणखी वाढवू शकतात. ही औषधे चांगली आहेत आणि आपल्या मनाने बंद करावयाची नाहीत. पण ती चालू असताना ताटलीकडे लक्ष हवे, एवढेच.

अशा व्यक्तीच्या बाबतीत केळ्यापेक्षा चिकू बरा, कारण त्यात पोटॅशियम जवळपास निम्मे आहे. मात्र 'बरा' म्हणजे 'हवा तेवढा' नव्हे. दोन मोठे चिकू खाल्ले की एका मोठ्या केळ्याइतके पोटॅशियम पोटात गेलेच. फळ बदलले आणि मात्रा वाढली, तर हाती काहीच लागत नाही. यजमानांच्या ताटलीत अर्धा चिकू असतो. काही दिवशी त्याऐवजी सफरचंदाच्या किंवा अननसाच्या थोड्या फोडी, कारण त्यांत पोटॅशियम १०० ग्रॅमला ११० मिलिग्रॅमच्या आसपासच असते. उलट पेरूत ते ४१७ मिलिग्रॅम, म्हणजे केळ्याहूनही अधिक. 'पेरू मधुमेहाला चांगला' एवढेच ऐकलेले असते, आणि तोच माणूस मूत्रपिंडाचाही रुग्ण असेल तर हा चांगुलपणा अंगाशी येतो.

आणखी दोन गोष्टी अशा घरांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, शहाळे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण हमखास शहाळी नेतो. त्याच्या पेलाभर पाण्यात एका मोठ्या केळ्याहून अधिक पोटॅशियम असू शकते. दुसरी, कमी सोडियमचे मीठ. रक्तदाबासाठी म्हणून ते आणले जाते, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. कच्च्या केळ्याची भाजी करायची झाल्यास फोडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यावे. पोटॅशियमचा काही भाग त्याबरोबर निघून जातो.

मधुमेहाचे काय? दोन्ही फळे गोड आहेत, आणि जितकी पिकतात तितकी अधिक गोड होतात. केळ्याच्या बाबतीत हे डोळ्यांना दिसते. हिरवट केळ्यात पिष्ट अधिक असते, आणि सालीवर काळे ठिपके येईपर्यंत त्यातील बहुतेक पिष्टाची साखर झालेली असते. म्हणून मधुमेहींनी नुकतेच पिवळे झालेले, लहान केळे घ्यावे. चिकू तर कच्चा खाताच येत नाही. तेव्हा तिथे मात्रा हाच एक लगाम. दोन्ही फळे जेवणानंतर लगेच नकोत, रस किंवा मिल्कशेक करूनही नकोत. मधल्या वेळी, थोडी, आणि सोबत चार शेंगदाणे किंवा वाटीभर ताक असले तर साखर एकदम चढत नाही. मूत्रपिंडाचे पथ्य असेल तर ही सोबतही आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावी. कोणते फळ आपल्याला सोसते हे घरच्या यंत्रावर, खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजून पाहता येते. शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा तो आकडा अधिक विश्वासाचा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. साखर अचानक घसरली, घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर अशा वेळी केळे सोलत बसू नये. त्यातील साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. ३ चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात ढवळून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मग काही खायला द्यावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

सुकेळी, चिप्स आणि पिकवण्याची रीत

आमच्या भागातील सुकेळी आपण खाल्ली असतील. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून ती करतात. चवीला अप्रतिम आणि टिकाऊ. पण वाळवताना जाते ते पाणी. साखर आणि पोटॅशियम मागे राहते. त्यामुळे वजनाला वजन धरले, तर सुकेळीत ते ताज्या केळ्याच्या साधारण तिप्पट होते. डहाणू-बोर्डीकडील चिकूच्या चिप्स आणि भुकटीलाही हाच हिशेब लागू. सासूबाईंसाठी सुकेळीचा लहान तुकडा म्हणजे थोडक्यात ऊर्जा. यजमानांसाठी तो तुकडाही जड.

खरेदीबद्दल दोन शब्द. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास आपल्या देशात बंदी आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे. केळे वरून सर्वत्र एकसारखे पिवळेधमक, पण देठ हिरवागार आणि आत गर घट्ट, असे दिसले तर ते घाईने पिकविलेले असण्याची शक्यता असते. शक्य तर थोडी कच्ची फळे आणून घरी पिकवावीत. चिकू घेताना सालीवरची भुकटी अंगठ्याने पुसून नखाने हलकेच ओरखडावे. आत हिरवे दिसले तर तो अपुरा, तपकिरी-पिवळसर दिसले तर तयार. असा तयार चिकू तांदळाच्या डब्यात किंवा कागदात एका पिकल्या केळ्यासोबत ठेवला, तर लवकर पिकतो, कारण पिकणारे केळे स्वतःच इथिलीन सोडत असते. दोन्ही फळे खाण्यापूर्वी सालीसकट धुवावीत. साल टाकायची असली तरी तिच्यावरची धूळ हाताला लागतेच.

पथ्य आणि माणूस

आकड्यांच्या पलीकडचे एक सांगायचे राहिले आहे. पथ्य हे ज्याच्यावर लादले जाते, त्याला ते शिक्षेसारखे वाटू शकते. यजमानांनी आयुष्यभर एकादशीला केळी खाल्ली, सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा केळ्यावाचून कधी पाहिला नाही. 'तुम्हाला बंद' हे दोन शब्द कागदावर सोपे असतात, आईच्या ताटलीशेजारी बसून ऐकताना ते कठीण जातात. आणि सासूबाईंनाही ते कठीणच होते. मुलाला न देता आपण खायचे, हे कोणत्या आईला रुचेल? प्रथम काही दिवस त्या केळे अर्धे ठेवून देत. भूक नाही म्हणत. भूक होती, हे मला कळत होते.

आम्ही मग आहारतज्ज्ञांना नेमके विचारले. बंद म्हणजे पूर्ण बंद, की मोजून? त्यांनी यजमानांचे अलीकडचे अहवाल पाहून सांगितले की प्रसादाचा एक चमचा शिरा चालेल, त्या दिवशी दुसरे फळ आणि टोमॅटो-बटाटा टाळावा. ही सवलत त्यांच्या अहवालांपुरती आहे, ती आपल्या घरी जशीच्या तशी उचलू नये. पण विचारण्याची रीत मात्र जरूर उचलावी. 'काय बंद?' यापेक्षा 'किती चालेल, आणि त्याऐवजी काय?' हे प्रश्न विचारून पाहावेत. डॉक्टरांना भेटायला जाताना औषधांच्या यादीसोबत आठवडाभरात कोणती फळे किती खाल्ली याची चिठ्ठी न्यावी. उत्तर नेमके मिळते.

सासूबाईंना मी पोटॅशियम समजावून सांगितले नाही. एवढेच सांगितले की, तुमच्या मुलाला आता चिकू सोसतो आणि तुम्हाला केळे. दोघांनीही आपापले संपवायचे. घोलवडचा चिकू आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यालाच दे, तो गोड असतो." आता त्या केळे पुरते खातात. गेल्या तीन महिन्यांत त्यांचे वजन आणखी उतरलेले नाही, आणि यजमानांचे पोटॅशियम ५ च्या आत आहे. यात औषधांचा वाटा मोठा आहे. फळांचा वाटा लहान, पण तो आपल्या हातातला आहे.

तेव्हा वाचकहो, केळे की चिकू, याचे उत्तर फळात शोधू नका. वजन उतरत असेल, दात नसतील, मूत्रपिंडे ठीक असतील, तर केळे. पोट साफ होत नसेल, तर पिकलेला, बी काढलेला चिकू. पोटॅशियम जपायचे असेल, तर चिकू, तोही मोजून. साखर जपायची असेल, तर दोन्ही थोडी, आणि लहान फळे. शक्य असेल तेव्हा हे फळ दुपारी एकत्र बसून खावे. ताटल्या वेगळ्या असल्या, तरी खाण्याची वेळ एक ठेवता येते.